धूमकेतूभोवतीचा प्लाझ्मा आणि त्यातली धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ठाणे, वाशी, बेलापूर, पनवेल भागातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकणारे आणि प्रकल्पाला विषय शोधणारे विद्यार्थी. दुसरे, थंडीत वांगणी किंवा माळशेजला दुर्बीण घेऊन जाणारे हौशी निरीक्षक. गणितं मुद्दाम आकड्यांसकट दिली आहेत. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या आणि आमचे आकडे तपासून बघा.

धूमकेतूभोवती प्लाझ्मा येतो कुठून?

गाभ्यातला बर्फ सूर्याच्या उबेने थेट वायू होतो आणि सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर वेगाने बाहेर पसरतो. त्यात मुख्यतः पाणी, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड असतात. सूर्याची अतिनील किरणं या रेणूंतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतात आणि मागे धनभारित आयन उरतो. असे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. पृथ्वीइतक्या अंतरावर पाण्याच्या एका रेणूच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता दर सेकंदाला दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे बहुतेक वायू उदासीनच राहतो, पण वायूच एवढा असतो की उरलेला चिमूटभर प्लाझ्मा सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांच्या झोताला, अडवायला पुरतो. वेगवान इलेक्ट्रॉनांची टक्कर आणि सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनांशी होणारी भाराची अदलाबदल हे आणखी दोन मार्ग. सूर्यापासून दूर असताना यांचा वाटाही मोठा असतो.

नव्याने तयार झालेला पाण्याचा आयन शेजारच्या पाण्याच्या रेणूकडून एक प्रोटॉन घेतो आणि हायड्रोनियम बनतो. म्हणून गाभ्याजवळच्या दाट भागात तोच जास्त सापडतो.

धुळीच्या कणावर भार बसतो तो धन की ऋण?

दोन्ही शक्य आहे, आणि कण कुठे आहे यावर ते ठरतं. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा कितीतरी हलके आणि वेगवान असल्यामुळे कणावर आधी तेच येऊन आदळतात आणि कण ऋण होतो. उलट बाजूने सूर्यप्रकाश कणातून इलेक्ट्रॉन उपटत असतो, त्याने कण धन होतो. यांत जिंकतं कोण?

चांद्रधुळीवर मोजलेला प्रकाशविद्युत प्रवाह पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे ४.५ मायक्रोअँपियर आहे, म्हणजे सेकंदाला २.८ गुणिले १०¹³ इलेक्ट्रॉन. धूमकेतूच्या धुळीलाही तोच आकडा लावू. प्रकाश कणाच्या एकाच बाजूला पडतो, इलेक्ट्रॉन मात्र सगळीकडून येतात, म्हणून त्यांच्या प्रवाहाला चारने गुणावं लागतं. इलेक्ट्रॉनांचं तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं (प्लाझ्मात तापमान असं ऊर्जेच्या एककात सांगतात), तर घन सेंटीमीटरला ५ इलेक्ट्रॉन असलेल्या सौरवाऱ्यात प्रकाश जवळपास अडीचपटीने जिंकतो आणि कण काही व्होल्ट धन राहतो. कोमाच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणाच्या, आतल्या भागात, जिथे घन सेंटीमीटरला १,००० इलेक्ट्रॉन आहेत, तिथे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह प्रकाशाच्या ७५ पट पडतो. कण ऋण होतो, आणि त्याबद्दल शंका उरत नाही. पारडं फिरतं ते घन सेंटीमीटरला १० ते १५ इलेक्ट्रॉनांच्या आसपास.

धूळ ऋण असते असं सरसकट लिहिलेलं दिसलं, तर लेखक गाभ्याजवळचं बोलतोय की शेपटीतलं, हे आधी विचारा.

एका कणावर असे किती इलेक्ट्रॉन मावतात?

गोल कणासाठी सूत्र सोपं आहे: त्रिज्या मायक्रॉनमध्ये, विभव व्होल्टमध्ये, दोघांचा गुणाकार गुणिले ६९५. एक मायक्रॉन त्रिज्येच्या कणाला एक व्होल्टला सुमारे ७०० इलेक्ट्रॉन लागतात, १० नॅनोमीटरच्या कणाला फक्त ७.

विभव किती चढतं? एकट्या कणाचं विभव इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे प्रवाह समान होईपर्यंत खाली जातं. हायड्रोजनच्या प्लाझ्मात हे इलेक्ट्रॉन तापमानाच्या सुमारे २.५ पट असतं. पाण्याचे आयन जड आणि हळू असल्यामुळे इथे ते साडेतीनपटीच्या आसपास जातं. १० इलेक्ट्रॉनव्होल्टला उणे ३५ व्होल्ट, म्हणजे एक मायक्रॉनच्या कणावर २४ हजारांहून जास्त इलेक्ट्रॉन.

छोट्या कणाला मात्र दुसरीच मर्यादा आडवी येते. १० नॅनोमीटर त्रिज्येवर ३५ व्होल्ट म्हणजे पृष्ठभागावर मीटरला साडेतीन अब्ज व्होल्टचं विद्युतक्षेत्र. साधारण एक अब्जाच्या पुढे क्षेत्र स्वतःच इलेक्ट्रॉन खेचून बाहेर टाकू लागतं. त्यामुळे हा कण १० व्होल्टच्या, म्हणजेच ७० इलेक्ट्रॉनांच्या आसपास थांबतो. पाठ्यपुस्तकातलं साडेतीनपटीचं सूत्र नॅनोकणाला लावणं ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास होणारी चूक आहे.

सगळे सारखे लहान कणांवरच का घसरतात? दिसणारी धूळ तर मोठ्या कणांची असते ना?

दिसणारी धूळ मोठ्या कणांची असते हे खरं. मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून मोठे कण सूर्यप्रकाश चांगला विखुरतात, म्हणून डोळ्याला, कॅमेऱ्याला तेच दिसतात. पण प्लाझ्माला वस्तुमानाशी देणंघेणं नाही. त्याला कणांची संख्या आणि प्रत्येकाची त्रिज्या कळते. बुंदीचा लाडू हातात कुस्करला तर वजन तेच राहतं, बुंदीचे दाणे मात्र शेकड्यांनी मोकळे होतात. एक मायक्रॉनचा कण १० नॅनोमीटरच्या कणांत फोडला तर दहा लाख कण मिळतात. प्रत्येकावर व्होल्टला ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण ७० लाख. आधी ते ७०० होते. तेवढ्याच मालात भार धरण्याची क्षमता दहा हजार पटींनी वाढली.

म्हणून धुळीचा धूमकेतू आणि धूळ-प्लाझ्माचा धूमकेतू हे वेगळे असू शकतात. सुरेख पिवळट शेपटीवरून आतल्या इलेक्ट्रॉनांबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग धूळ कोमातले इलेक्ट्रॉन खरोखर कमी करते का?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न आहे, तेव्हा गणित पूर्ण करू.

प्लाझ्मा एकूण उदासीन राहायला हवा. आयनांची संख्या ही मोकळे इलेक्ट्रॉन अधिक धुळीवर बसलेले इलेक्ट्रॉन यांच्या बेरजेइतकी असते. धुळीवरचा हिस्सा नगण्य असेल तर धूळ प्लाझ्मात नुसती पाहुणी म्हणून असते. तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या बरोबरीला आला की प्लाझ्माचे गुणधर्मच बदलतात. हे मोजायला हावनेस यांच्या नावाने ओळखली जाणारी राशी वापरतात: ६९५ गुणिले तापमान (इलेक्ट्रॉनव्होल्ट) गुणिले त्रिज्या (मायक्रॉन) गुणिले धूळकणांची घनता, भागिले प्लाझ्माची घनता. उत्तर १ पेक्षा फार कमी आलं तर काळजी नको. १ च्या जवळ आलं तर इलेक्ट्रॉनांचा तुटवडा सुरू झाला.

आधी मोठी धूळ बघू. एक मायक्रॉनचा एक कण प्रत्येक घनमीटरमध्ये आहे, प्लाझ्मा घन सेंटीमीटरला १,०००, तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट. उत्तर येतं दहा लाखांत सात. काहीच परिणाम नाही.

आता १० नॅनोमीटरचे कण. उत्तर १ यायला घन सेंटीमीटरला १४ कण लागतात, आणि प्रत्येकावर ७० इलेक्ट्रॉन धरले तर तेच सुमारे १,००० होतात. हे जास्त आहे की कमी? तुलनेला वायू घ्या. सेकंदाला १०²⁸ रेणू सोडणाऱ्या धूमकेतूपासून १०० किमीवर, वायूचा वेग ७०० मीटर धरला तर, घन सेंटीमीटरला सुमारे ११ कोटी रेणू असतात. त्या १४ कणांचं वजन या वायूच्या दोन टक्क्यांच्या आत बसतं. म्हणजे वायूच्या वजनाच्या दोनेक टक्के माल नॅनोकणांच्या रूपात निघाला, तर निम्मे इलेक्ट्रॉन गायब करण्याची त्याची ऐपत आहे. तुटवडा सुरू झाला की इलेक्ट्रॉनांसाठी कणांतच स्पर्धा लागते आणि प्रत्येकाचा भार कमी होतो, म्हणून प्रत्यक्ष घट या अंदाजापेक्षा थोडी सौम्य निघेल.

इलेक्ट्रॉन थंड असतील तर?

तर वरचं गणित कोसळतं. गाभ्याजवळ वायू दाट असतो, इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंवर आपटून ऊर्जा गमावतात आणि ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत थंड होतात. तेव्हा १० नॅनोमीटरच्या कणावर जेमतेम दोन इलेक्ट्रॉन बसतात आणि तोच परिणाम साधायला तीस ते पस्तीसपट कण लागतात. अशा वेळी भार अखंड राशी मानणंही चुकतं: कणावर एक इलेक्ट्रॉन असेल, दोन असतील, किंवा एकही नसेल. दीड कधीच नसतो. सरासरीचं समीकरण सोडून संभाव्यतेने गणित करावं लागतं.

प्रत्यक्षात कोमात ५ ते १० इलेक्ट्रॉनव्होल्टचे कोमट आणि ०.१ च्या आसपासचे थंड असे दोन्ही गट एकाच वेळी सापडतात. एकच तापमान गृहीत धरून काढलेलं उत्तर म्हणून नेहमी संशयाने बघावं.

भार बसायला किती वेळ लागतो?

एक मायक्रॉनच्या कणावर (१,००० घनता, १० इलेक्ट्रॉनव्होल्ट) सुरुवातीला सेकंदाला ६,६०० इलेक्ट्रॉन आदळतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो भरतो. १० नॅनोमीटरच्या कणाला पहिला इलेक्ट्रॉन मिळायलाच सरासरी दीड सेकंद लागतो. कण जसजसा ऋण होतो तसतसे पुढचे इलेक्ट्रॉन ढकलले जातात, त्यामुळे ७० पर्यंत पोचायला सुमारे तीन मिनिटं जातात. तेवढ्यात वायूबरोबर वाहत तो सव्वाशे किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो. गाभ्याजवळ घनता जास्त म्हणून वेळ काहीसा कमी होईल, तरी समतोलाचं सूत्र तिथे डोळे मिटून लावता येत नाही.

भारामुळे कण फुटतो हे खरं आहे का?

हो, भुसभुशीत कण फुटू शकतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि कणावर बाहेरच्या दिशेने ताण येतो. एक मायक्रॉन आणि ३५ व्होल्टसाठी हा ताण सुमारे ५,४०० पास्कल निघतो. घट्ट खनिज कणाला त्याने काही होत नाही, पण अतिसूक्ष्म दाण्यांची सैल गुंफण असलेल्या कणाची ताकद याहून कमी असू शकते. त्याचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा लहान, पृष्ठभागावरचं क्षेत्र आणखी मोठं, ताण आणखी जास्त. ही साखळी घट्ट दाणा उरेपर्यंत चालते. नॅनोकण येतात कुठून याचं हे एक पटणारं उत्तर आहे. दुसरं उत्तर बर्फाळ कणांचं: ते उडता उडता झिजतात.

थंड इलेक्ट्रॉनांत मात्र तोच ताण अर्ध्या पास्कलवर येतो, आणि मग कोणी फुटत नाही.

यानांनी प्रत्यक्ष काय पाहिलं?

मार्च १९८६ मध्ये व्हेगा १, व्हेगा २ आणि जिओत्तो हॅले धूमकेतूजवळून गेली. त्यांच्या धूळमापकांनी अपेक्षेपेक्षा खूप लहान कणही नोंदवले. जिओत्तो गाभ्यापासून ५९६ किमीवरून गेलं आणि सुमारे ४,७०० किमीच्या आत चुंबकक्षेत्र जवळपास शून्य असलेली पोकळी त्याला सापडली.

रोझेटा यानाची गोष्ट वेगळी, कारण ते थांबलं. ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात ते ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूच्या सोबत राहिलं. त्याच्या इलेक्ट्रॉन-आयन वर्णपटमापकाला ऋणभारित नॅनोकण दिसले, सुमारे १०० ते १८,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. धूलिकण गोळा करणाऱ्या उपकरणांत घट्ट कणही आले आणि अगदी भुसभुशीत गुच्छही. चुंबकीय पोकळी पहिल्यांदा २६ जुलै २०१५ रोजी सापडली, गाभ्यापासून सुमारे १७० किमीवर.

इलेक्ट्रॉनांच्या तुटवड्याचं काय? जानेवारी २०१५ च्या सुमारास, धूमकेतू सूर्यापासून पृथ्वीच्या अडीचपट अंतरावर असताना, धुळीचा विचार न करता केलेलं साधं गणित मोजलेल्या घनतेशी चांगलं जुळतं. १३ ऑगस्ट २०१५ च्या उपसूर्याजवळ (धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ असताना) मात्र साधं गणित मोजमापापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन सांगतं. त्याला धूळ हे एक संभाव्य कारण आहे. दुसरं असं की आयन वायूपेक्षा वेगाने पळत असतील, आणि वेग वाढला की घनता आपोआप घटते. या दोघांतून निवाडा करणं सोपं नाही, आणि फरकाचं सगळं खापर धुळीवर फोडणं आम्हाला घाईचं वाटतं. शनीच्या एन्सेलाडस चंद्राच्या फवाऱ्यात कॅसिनी यानाला आयनांपेक्षा इलेक्ट्रॉन कितीतरी कमी आढळले. तिथे नॅनोकणांचा परिणाम स्वच्छ दिसतो. धूमकेतूचं प्रकरण तितकं सरळ नाही.

मोजताना काय काय बिघडतं?

बरंच काही, आणि बहुतेक वेळा दोष यानाच्याच अंगचा असतो.

यान स्वतःही एक मोठा कणच. रोझेटाचं विभव बहुतांश काळ ऋण होतं, अनेकदा उणे १० ते २० व्होल्ट. त्यामुळे थंड इलेक्ट्रॉन यानाजवळच्या लँगम्युर प्रोबपर्यंत (व्होल्टेज बदलत प्लाझ्मातून येणारा प्रवाह मोजणारं उपकरण) पोचायच्या आधीच मागे फिरायचे आणि घनता कमी दिसायची. तुम्ही शोधताय इलेक्ट्रॉनांचा तुटवडा आणि उपकरण स्वतःच तुटवडा दाखवतंय! शिवाय प्रोबवर ऊन पडलं की तिच्यातूनही इलेक्ट्रॉन सुटतात, तो प्रवाह वजा करावा लागतो. तिच्यावर धुळीचा थर बसला की व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना वक्र वेगवेगळे येतात.

दुसरं उपकरण प्लाझ्माची स्वाभाविक वारंवारता मोजतं. घन सेंटीमीटरला १,००० इलेक्ट्रॉनांना ती २८४ किलोहर्ट्झ येते, आणि यानाच्या विभवाचा तिच्यावर परिणाम कमी असतो. पण डिबाय लांबी, म्हणजे प्लाझ्मात एखाद्या भाराचा प्रभाव जाणवतो तेवढं अंतर, उपकरणाच्या लांबीपेक्षा बरीच कमी असावी लागते. १,००० घनता आणि १० इलेक्ट्रॉनव्होल्टला ती ७४ सेंमी होते. विरळ प्लाझ्मात ती आणखी वाढते आणि उपकरण आंधळं होतं.

याने सुद्धा यादी संपत नाही. यानाच्या भारामुळे भुसभुशीत कण जवळ येता येता फुटतात आणि धूळमापकावर एकाच्या जागी तुकड्यांचा मारा नोंदला जातो. २८ मार्च २०१५ ला रोझेटा १४ किमीपर्यंत जवळ गेलं, तेव्हा ताऱ्यांवरून दिशा ठरवणारे कॅमेरे धुळीच्या चमकत्या कणांनाच तारे समजले. त्यानंतर यान लांब ठेवावं लागलं. धूळ जिथे सर्वांत दाट, नेमकी तिथली उपसूर्याच्या काळातली मोजमापं म्हणूनच आपल्याकडे नाहीत.

जिओत्तोचा त्रास निराळा होता. सेकंदाला ६८ किमी वेगाने एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर २,३०० जूल ऊर्जा मोकळी होते. कण आणि यानाचा थोडा पृष्ठभाग दोन्ही वाफ होऊन त्यांचाच प्लाझ्मा बनतो आणि तोही मोजमापात मिसळतो.

इलेक्ट्रॉन पळवण्याखेरीज धूळ आणखी काय करते?

कणाच्या पृष्ठभागावर आयन आणि इलेक्ट्रॉन भेटून उदासीन होतात, म्हणजे प्लाझ्मा नाहीसा होण्याचा एक जादा मार्ग तयार होतो. बर्फाळ कण गाभ्यापासून लांबवर वायू सोडतात, तिथे नवा प्लाझ्मा जन्मतो. धूळ फारच दाट असेल तर ती अतिनील प्रकाश अडवते आणि आतलं आयनीभवन मंदावते. धूळ पुरेशी दाट असेल तर भारित कणांच्या स्वतःच्या मंद ध्वनीसारख्या लहरीही उठू शकतात. त्यांचं भाकीत १९९० मध्ये झालं आणि १९९५ मध्ये त्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसल्या. धूमकेतूत त्या शोधायच्या तर आधी कणांमधलं अंतर डिबाय लांबीपेक्षा कमी आहे का ते तपासा. नसेल तर प्रश्नच मिटला.

भारित धूळ शेपटीत वेगळी वाट धरते का?

लहान असेल तरच. सौरवाऱ्याचा वेग ४०० किमी आणि चुंबकक्षेत्र ५ नॅनोटेस्ला धरलं तर विद्युतक्षेत्र मीटरला २ मिलिव्होल्ट होतं. ५ व्होल्ट धन असलेल्या, पाण्याइतक्या घनतेच्या एक मायक्रॉन कणावर त्याचं बळ सूर्याच्या गुरुत्वाच्या साडेचार टक्के. ०.१ मायक्रॉनला तेच साडेचारपट. १० नॅनोमीटरला साडेचारशे पट, म्हणजे हा कण धूळ म्हणून नव्हे, जड आयन म्हणून वागतो आणि सौरवाऱ्याबरोबर ओढला जातो. २००७ च्या मॅकनॉट धूमकेतूच्या धूळशेपटीतले पट्टे जिथे सूर्याचं चुंबकक्षेत्र दिशा बदलतं तिथून जाताना विस्कटलेले आढळले, तो या बळाचाच परिणाम मानला जातो.

ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून यातलं काही दिसेल का?

धुळीचा प्लाझ्मावरचा परिणाम नाही दिसणार. धूळशेपूट आणि आयनशेपूट वेगळी करणं मात्र जमतं. धूळशेपूट पांढरट-पिवळी आणि वाकलेली. आयनशेपूट निळसर, सरळ, सूर्याच्या जवळपास विरुद्ध दिशेला. तिचा निळा रंग कार्बन मोनॉक्साइडच्या आयनाचा, ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या भागातला. घोडबंदर रोड किंवा पामबीच रोडवरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा निळा उंचवटाही ४५० नॅनोमीटरच्या आसपासच असतो. त्यामुळे शहरातून धूळशेपूट कशीबशी दिसते आणि आयनशेपूट बुडते. बाजारातले प्रकाशप्रदूषण फिल्टर इथे फारसे कामाचे नाहीत. वांगणी, माळशेज किंवा तत्सम अंधाऱ्या जागी जाणं हाच उपाय.

कॅमेरा तिपाईवर, ५० मिमी लेन्स, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी, आयएसओ १६००, प्रत्येकी ८ ते १० सेकंदांची ५० ते १०० चित्रं रॉ स्वरूपात घ्या आणि ती धूमकेतूच्या डोक्यावर जुळवून रचा. १३५ मिमी लेन्सला ३-४ सेकंदांपुढे जाऊ नका, तारे ओढले जातात. धूमकेतू क्षितिजाला लागला असेल तर निळा रंग हवेतच विखुरला जातो. आयनशेपूट नाही आली म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नये. जून ते सप्टेंबरमधल्या धूमकेतूवर आपल्याकडे पाणीच सोडायचं. जुलै २०२० चा निओवाइज धूमकेतू आठवत असेलच.

धूमकेतूची शेपूट तुटली तर अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत कळतं का?

सहसा नाही. एप्रिल २००७ मध्ये सूर्यावरून सुटलेल्या एका उद्रेकाने एन्के धूमकेतूची आयनशेपूट तोडली, ते स्टिरिओ यानाच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. असाच उद्रेक पृथ्वीच्या दिशेने आला तर अलिबागचे चुंबकमापक हलतात. पण धूमकेतू आणि पृथ्वी सूर्याच्या वेगवेगळ्या बाजूंना असतील तर एकाला लागलेला उद्रेक दुसऱ्याला लागत नाही. अलिबागची वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे आणि अवकाशातल्या प्लाझ्माच्या सिद्धान्तावर तिथे काम चालतं. विषयात पुढे जायचं असलेल्या विद्यार्थ्याने ती जागा माहीत करून घ्यावी. धूळ-प्लाझ्माचे प्रयोग गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत होतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूळ-प्लाझ्मा करता येईल?

निर्वात कक्ष आणि रेडिओ वारंवारतेचा पुरवठा असेल तर हो. अर्गॉन ५ ते ५० पास्कल, १३.५६ मेगाहर्ट्झ, सुरुवात काही वॅटवर. कण मेलामाइन फॉर्मल्डिहाइडचे, एकाच मापाचे, समजा ७ मायक्रॉन व्यासाचे. उणे ६ व्होल्टला अशा कणावर साडेचौदा हजार इलेक्ट्रॉन बसतात, आणि त्याचं वजन पेलायला मीटरला सुमारे १,१०० व्होल्ट पुरतात. खालच्या इलेक्ट्रोडवरच्या आवरणात तेवढं क्षेत्र सहज मिळतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर दंडगोल भिंगाने पसरवून आडवा टाका आणि वरून कॅमेरा लावा. लेसरच्या तरंगलांबीचा चष्मा सगळ्यांना हवा, बघ्यांनाही.

आपल्याकडे नेहमी बिघडतं ते दमटपणामुळे. कण डबीत ओले होऊन गोळे बनतात, चाळणीतून पडत नाहीत, आणि पडलेच तर जोडीने पडून भलत्याच उंचीवर तरंगतात. कण ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून सिलिका जेलबरोबर बंद ठेवा आणि डबी भरताना एसी चालू असू द्या. दुसरी अडचण गळतीची: पंप बंद करून दाब किती वेगाने चढतो ते आधी मोजा, नाहीतर पाण्याची वाफ अर्गॉनमध्ये मिसळून सगळे आकडे बिघडवते.

धूमकेतूशी या प्रयोगाची तुलना जपून करा. इथे प्लाझ्मा धूमकेतूच्या लाखपट दाट, कण मोठे आणि सगळे एकाच मापाचे. कणांवर भार बसतो आणि ते एकमेकांना ढकलतात, एवढं डोळ्यांनी दिसतं. इलेक्ट्रॉनांचा तुटवडा मोजायचा हा मार्ग नव्हे.

प्रकल्पासाठी रोझेटाची आकडेवारी मिळते का?

मिळते, आणि फुकट. युरोपीय अवकाश संस्थेच्या ग्रहविज्ञान संग्रहात ती खुली आहे. सुरुवात एका दिवसाच्या आकडेवारीने करा. लँगम्युर प्रोबची घनता आणि वारंवारतेवरून काढलेली घनता एकाच वेळपट्टीवर मांडा. ज्या वेळा यानाचं विभव उणे १५ व्होल्टच्या खाली आहे त्या वेगळ्या रंगाने दाखवा. यान इंजिन चालवत असताना किंवा वळत असतानाच्या नोंदी काढून टाका. मग त्याच वेळची वायूघनता घेऊन इलेक्ट्रॉन भागिले वायू हे गुणोत्तर काढा आणि ते गाभ्यापासूनच्या अंतराशी कसं बदलतं ते बघा. धुळीची घनता या आकडेवारीत थेट मिळणार नाही. ती वरच्या सूत्रात घालून किती कण लागले असते एवढं उलट काढता येतं, आणि पदवीच्या प्रकल्पाला ते पुरेसं आहे.

पुढची मोहीम कोणती?

कॉमेट इंटरसेप्टर. युरोप आणि जपानची ही संयुक्त मोहीम जून २०२२ मध्ये मंजूर झाली. प्रक्षेपण २०२९ च्या आसपास अपेक्षित आहे. यान सूर्य-पृथ्वीच्या दुसऱ्या लॅग्रांज बिंदूवर (पृथ्वीच्या सूर्याविरुद्ध बाजूची, यान सहज टिकून राहतं अशी जागा) थांबून योग्य धूमकेतूची वाट बघणार. मुख्य यान आणि दोन छोटी याने एकाच वेळी वेगवेगळ्या अंतरांवरून जातील. त्यांच्यावर धूळ, क्षेत्रं आणि प्लाझ्मा एकत्र मोजणारा संच असेल. घनतेतला फरक वेळेमुळे पडला की जागेमुळे, हे एकट्या रोझेटाला सांगता येत नव्हतं. इथे ते वेगळं करता येईल. गाठ मात्र काही तासांचीच असेल, आणि वेग जिओत्तोच्या जवळपास गेला तर धुळीच्या माऱ्यातून निघणाऱ्या प्लाझ्माचा जुना त्रास पुन्हा सोसावा लागेल.